चीनमधील नागरी सेवक : व्याख्या आणि वर्गीकरण यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

कोणत्याही राज्यसंस्थेचे निर्णय प्रत्यक्षात उतरविण्याचे कार्य तिचा प्रशासकीय सेवकवर्ग करीत असतो. या वर्गात कोणाचा समावेश करावयाचा, कोणाला वगळावयाचे आणि समाविष्ट झालेल्यांची विभागणी कोणत्या तत्त्वावर करावयाची, हे प्रश्न वरकरणी कार्यालयीन स्वरूपाचे वाटतात. तथापि वेतन, सेवासुरक्षा, पदोन्नती, निवृत्तिवेतन आणि उत्तरदायित्व या सर्व बाबी त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असतात. म्हणूनच नागरी सेवकाची व्याख्या ही त्या त्या काळातील राज्यसंस्थेच्या स्वरूपाची निदर्शक ठरते.

लोकप्रशासनाच्या आपल्याकडील अध्यापनात चीनचा उल्लेख बहुधा स्पर्धा परीक्षांची जन्मभूमी एवढ्यापुरताच येतो. आधुनिक चीनमध्ये नागरी सेवक कोणास म्हणावे याविषयी जो दीर्घ वाद झाला, त्याकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. १९४९ पासून १९९३ पर्यंत चीनमध्ये लाखो लोक शासनाचे काम करीत होते; परंतु ‘नागरी सेवक’ या नावाचा स्वतंत्र वर्ग तेथे अस्तित्वात नव्हता. तो कसा निर्माण झाला आणि त्याच्या सीमा पुढे कशा बदलत गेल्या, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे

१) चीनमधील अधिकारीवर्गाच्या वर्गीकरणाची ऐतिहासिक परंपरा समजून घेणे.
२) १९९३, २००५ व २०१८ या तीन टप्प्यांवर नागरी सेवकाच्या व्याख्येत झालेले बदल तपासणे.
३) या बदलांमागील पक्ष आणि शासन यांच्या संबंधांचे स्वरूप स्पष्ट करणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून संबंधित कायदे व नियम यांतील तरतुदींना मध्यवर्ती स्थान दिले आहे.

साम्राज्यकाळातील वर्गवारी

चीनमध्ये अधिकाऱ्यांची श्रेणी ठरविण्याची परंपरा अतिशय प्राचीन आहे. हान राजवटीत अधिकाऱ्याचा दर्जा धान्याच्या मापाने सांगितला जाई. ‘शी’ हे धान्यमापनाचे एकक होते आणि अमुक अधिकारी दोन हजार शीचा, अमुक सहाशे शीचा, असे म्हणण्याचा प्रघात होता. प्रत्यक्ष वेतन या आकड्याइतकेच असे असे नाही. मात्र वेतनाच्या भाषेतून दर्जा व्यक्त करण्याची ही पद्धत उल्लेखनीय होय.

इ. स. २२० मध्ये वेई राज्यात छन छून या मंत्र्याच्या सूचनेवरून उमेदवारांची नऊ प्रतींमध्ये वर्गवारी करण्याची व्यवस्था सुरू झाली. पुढे पदांनाही नऊ श्रेणी लावण्यात आल्या. थांग राजवटीत या नऊ श्रेणींचे ३० उपविभाग होते, तर मिंग व छिंग राजवटींत ते १८ झाले. छिंग काळात अधिकाऱ्याची श्रेणी त्याच्या टोपीवरील मण्यावरून आणि अंगरख्यावरील भरतकामाच्या चौकोनावरून ओळखता येई. मुलकी अधिकाऱ्याच्या चौकोनात पक्षी आणि सेनाधिकाऱ्याच्या चौकोनात चतुष्पाद प्राणी भरलेला असे. पहिल्या श्रेणीच्या मुलकी अधिकाऱ्यास क्रौंच पक्ष्याचे चिन्ह होते, तर एका काउंटीचा कारभार पाहणारा दंडाधिकारी सामान्यतः सातव्या श्रेणीत मोडत असे.

या श्रेणींइतकीच महत्त्वाची दुसरी एक विभागणी होती. ‘कुआन’ म्हणजे श्रेणीप्राप्त अधिकारी आणि ‘ली’ म्हणजे कारकून, असा भेद चिनी प्रशासनात खोलवर रुजलेला होता. कुआन परीक्षा उत्तीर्ण होऊन येई, त्याची नियुक्ती केंद्राकडून होई, त्याला स्वतःच्या प्रांतात नेमणूक मिळत नसे आणि काही वर्षांत त्याची बदली होई. ली मात्र स्थानिक असे. त्यास नऊ श्रेणींत स्थान नव्हते. छिंग काळातील कारकून बव्हंशी लोकांकडून घेतलेल्या रूढ शुल्कावर उपजीविका करीत. कचेरीतील हरकाम्या शिपायांचे अनेक वर्ग तर हीन समजले जात आणि त्यांच्या वंशजांनाही परीक्षेची दारे बंद असत. वस्तुतः दप्तर सांभाळणे, करवसुलीच्या याद्या करणे, फिर्यादी लिहून घेणे ही सर्व कामे हाच वर्ग करी. राज्याचा दैनंदिन कारभार ज्यांच्या हातून होत असे, ते राज्याच्या अधिकृत व्याख्येबाहेर होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२ सप्टेंबर १९०५ रोजी छिंग दरबाराने परीक्षापद्धती रद्द केली. अधिकारीपदाकडे नेणारा शतकानुशतकांचा मार्ग त्यामुळे बंद झाला. प्रजासत्ताक काळात सन यत्-सेन यांच्या पंचसत्ता सिद्धांतानुसार १९३० मध्ये परीक्षा युआन ही स्वतंत्र संस्था कार्यरत झाली. अधिकाऱ्यांचे वर्गीकरण आता नियुक्तीच्या प्रकारावरून होऊ लागले. विशेष नियुक्त, निवड नियुक्त, शिफारस नियुक्त आणि प्रत्यायोजित नियुक्त असे त्याचे चार वर्ग होते. परकीय आक्रमण आणि यादवी युद्ध यांमुळे ही व्यवस्था मुख्य भूमीवर स्थिरावू शकली नाही. तैवानमध्ये मात्र परीक्षा युआन आणि या वर्गीकरणातील संज्ञा आजही प्रचारात आहेत.

‘गानबू’ : एक सर्वसमावेशक वर्ग

१ ऑक्टोबर १९४९ रोजी चीनच्या लोक प्रजासत्ताकाची स्थापना झाली आणि नागरी सेवकाऐवजी ‘गानबू’ ही संज्ञा प्रशासनाच्या केंद्रस्थानी आली. जपानी भाषेतून चिनीत आलेल्या या शब्दाचे भाषांतर आपण ‘केडर’ असे करतो. तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भारतीय प्रशासनात केडर किंवा संवर्ग म्हणजे विशिष्ट सेवेतील पदांचा समूह होय. चीनमध्ये गानबू ही व्यक्ती असते. तो तिचा सामाजिक दर्जाही असतो.

गानबू या वर्गात पक्षाचे पदाधिकारी, मंत्रालयातील अधिकारी, कारखान्याचे व्यवस्थापक, अभियंते, शिक्षक, डॉक्टर अशा सर्वांचा समावेश होता. राज्याच्या सेवेतील माणसे गानबू आणि कामगार या दोन गटांत विभागली जात. गानबूंचे व्यवस्थापन मनुष्यबळ विभागाकडे व पक्षाच्या संघटन विभागाकडे, तर कामगारांचे श्रम विभागाकडे असे. कामगाराचा गानबू होणे सहजसाध्य नव्हते, कारण हा बदल केवळ कामाचा नसून दर्जाचा होता.

नोव्हेंबर १९५३ मध्ये साम्यवादी पक्षाच्या केंद्रीय समितीने गानबूंची कार्यक्षेत्रानुसार नऊ गटांत विभागणी केली. सेना, सांस्कृतिक व शैक्षणिक कार्य, नियोजन व उद्योग, वित्त व व्यापार, वाहतूक, शेती, राजकीय व न्यायविषयक कार्य इत्यादी क्षेत्रांसाठी हे गट होते आणि प्रत्येक स्तरावरील पक्षसमितीने आपल्या अखत्यारीतील पदांची यादी ठेवावी, असे ठरले. सोव्हिएत संघातील ‘नोमेनक्लातुरा’ पद्धतीचे हे चिनी रूप होते. क्रांतिकाळात कार्यकर्त्यांना अन्न, वस्त्र व निवास पुरविण्याची जी पद्धत होती, ती १९५५ मध्ये रद्द होऊन वेतनपद्धती आली. १९५६ च्या वेतनसुधारणेत प्रशासकीय गानबूंसाठी ३० श्रेणी निश्चित करण्यात आल्या.

या व्यवस्थेत श्रेणी होत्या; परंतु पद, पात्रता आणि काम यांनुसार वर्गीकरण नव्हते. शल्यचिकित्सक आणि काउंटीचा पक्षसचिव यांची निवड, मूल्यमापन व पदोन्नती एकाच साच्यातून होई. सेवेतून बाहेर पडण्याचा नियमित मार्गही नव्हता. उच्चपदस्थ गानबू बहुधा तहहयात पदावर राहत. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–१९७६) या रचनेचेही कंबरडे मोडले. असंख्य अनुभवी गानबू पदच्युत झाले व श्रमशिबिरांत पाठविले गेले. कायद्याने दिलेला सेवादर्जा नसल्याने त्यांना दाद मागण्यासाठी आधार उरला नाही.

नागरी सेवक या संज्ञेचा उदय

१८ ऑगस्ट १९८० रोजी तंग श्याओफिंग यांनी पक्ष व शासन यांच्या नेतृत्वव्यवस्थेतील सुधारणेविषयी केलेल्या भाषणात सत्तेचे अतिकेंद्रीकरण, तहहयात पद आणि नोकरशाहीवृत्ती यांवर टीका केली. फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्येष्ठ गानबूंसाठी निवृत्तीची पद्धत लागू झाली. १९८४ पासून शासकीय कर्मचाऱ्यांसाठी कायद्याचा मसुदा करण्यास आरंभ झाला. या प्रक्रियेत ‘कुंगवूयुआन’, म्हणजे सार्वजनिक कामकाज करणारी व्यक्ती, ही संज्ञा पुढे आली.

ऑक्टोबर १९८७ मध्ये पक्षाच्या १३ व्या अधिवेशनात चाओ झियांग यांनी सादर केलेल्या अहवालात या संज्ञेला प्रथमच निश्चित आशय मिळाला. गानबू हा एकसंध वर्ग मोडून त्याचे व्यवस्थापन क्षेत्रानुसार वेगळे करावे आणि राज्याच्या नागरी सेवकांचे दोन वर्ग करावेत, असा तो प्रस्ताव होता. पहिला वर्ग राजकीय कामकाज पाहणाऱ्यांचा होता. त्यांना निश्चित मुदत असेल आणि त्यांची नेमणूक राज्यघटना व संघटनविषयक कायद्यांनुसार होईल. दुसरा वर्ग व्यावसायिक कामकाज पाहणाऱ्यांचा होता. ते खुल्या परीक्षेतून येतील, त्यांना कायमस्वरूपी सेवा असेल आणि त्यांचे व्यवस्थापन नागरी सेवा कायद्यानुसार चालेल. राजकीय नेतृत्व बदलले तरी प्रशासन स्थिर राहावे, हे ब्रिटिश परंपरेतील तत्त्व यामागे स्पष्ट दिसते. पक्ष आणि शासन यांच्या कार्यांत अंतर निर्माण करणे हा त्या काळातील व्यापक राजकीय कार्यक्रम होता व वर्गीकरणाचा हा प्रस्ताव त्याचाच एक भाग होता.

१९८८ मध्ये मनुष्यबळ मंत्रालय स्थापन झाले. १९८९ पासून लेखापरीक्षण, सीमाशुल्क, सांख्यिकी, करवसुली, पर्यावरण संरक्षण आणि बांधकाम साहित्य या सहा केंद्रीय विभागांत व १९९० मध्ये हार्बिन आणि शेंझेन या शहरांत नव्या पद्धतीचे प्रयोग झाले. मात्र १९८९ च्या राजकीय घटनांनंतर चाओ झियांग पदच्युत झाले आणि राजकीय व व्यावसायिक या विभागणीचा प्रस्ताव मागे पडला. परीक्षा, मूल्यमापन, निवृत्ती ही सुधारणेची अंगे टिकली. तिचा राजकीय गाभा वगळला गेला.

१९९३ चे अस्थायी नियम

१४ ऑगस्ट १९९३ रोजी राज्यपरिषदेने ‘राज्याच्या नागरी सेवकांविषयीचे अस्थायी नियम’ प्रसृत केले आणि ते १ ऑक्टोबर १९९३ पासून अमलात आले. १८ प्रकरणे व ८८ कलमे असलेल्या या नियमांनुसार, सर्व स्तरांवरील राज्याच्या प्रशासकीय यंत्रणांतील, श्रमिक सेवा करणारे कर्मचारी वगळता, इतर सर्व कर्मचारी म्हणजे नागरी सेवक होत. चालक, स्वयंपाकी, दुरुस्ती कामगार इत्यादींना यातून वगळण्यात आले.

या व्याख्येचा निकष संस्था हा होता. प्रशासकीय यंत्रणेत काम करणारा तो नागरी सेवक. पक्षकार्यालये, न्यायालये आणि लोकप्रतिनिधी सभांची कार्यालये शब्दशः तिच्या बाहेर होती, जरी व्यवहारात त्यांच्या कर्मचाऱ्यांना हेच नियम संदर्भ म्हणून लावले जात. वर्गीकरणाच्या दृष्टीने पदांचे नेतृत्वपदे आणि बिगर-नेतृत्वपदे असे दोन भाग झाले व एकूण १५ श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीत पंतप्रधान, तर दहाव्या ते पंधराव्या श्रेणीत सर्वांत कनिष्ठ कारकून होता. संसदीय लोकशाहीत मंत्री हा नागरी सेवकांचा वरिष्ठ असतो, त्यांच्यापैकी एक नसतो. चीनमध्ये पंतप्रधान व कारकून एकाच शिडीच्या दोन टोकांना उभे आहेत. १९८७ च्या प्रस्तावापासून घेतलेली फारकत येथे सर्वाधिक स्पष्ट होते.

२००५ चा नागरी सेवक कायदा

२७ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेच्या स्थायी समितीने नागरी सेवक कायदा संमत केला. १८ प्रकरणे व १०७ कलमे असलेला हा कायदा १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. शीर्षकातून ‘राज्याच्या’ हा शब्द गळला, हा बदल लहान दिसला तरी अर्थपूर्ण आहे. कायद्याच्या दुसऱ्या कलमात नागरी सेवक ठरण्यासाठी तीन अटी आहेत :

१) ती व्यक्ती कायद्यानुसार सार्वजनिक कर्तव्य बजावीत असावी.
२) ती राज्याच्या प्रशासकीय मंजूर पदसंख्येत समाविष्ट असावी.
३) तिचे वेतन व कल्याणकारी लाभ राज्याच्या तिजोरीतून दिले जात असावेत.

तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होणे आवश्यक आहे. यातील दुसरी अट निर्णायक आहे. मंजूर पदसंख्येस चिनीत ‘ब्येनची’ म्हणतात. कोणत्या कार्यालयात किती पदे असावीत हे ती ठरविते आणि पदसंख्येत नाव असणे हीच खऱ्या अर्थाने सरकारी नोकरीची खूण समजली जाते.

संस्थेचा निकष जाऊन हा त्रिविध निकष आल्यामुळे साम्यवादी पक्षाची कार्यालये, लोकप्रतिनिधी सभा, राजकीय सल्लागार परिषद, न्यायालये, अभियोग कार्यालये आणि मान्यताप्राप्त इतर लोकशाही पक्षांची कार्यालये यांतील पात्र कर्मचारी व्याख्येत आले. पक्षाचा सचिव आणि न्यायाधीश हे दोघेही आता कायद्याने नागरी सेवक होते. १९८७ मध्ये पक्ष आणि शासन यांच्यात रेषा आखण्यासाठी जी संज्ञा पुढे आली होती, तिनेच २००५ मध्ये दोहोंना एका छत्राखाली आणले. दुसऱ्या बाजूने पाहता, पक्षाच्या कर्मचाऱ्यांनाही परीक्षा, मूल्यमापन, शिस्तभंग व तक्रार यांविषयीचे लिखित नियम कायद्याच्या पातळीवर लागू झाले, हेही मान्य केले पाहिजे.

वर्गीकरणाची त्रिसूत्री

याच कायद्याने पदांचे कामाच्या स्वरूपानुसार तीन प्रवर्ग केले. पहिला सर्वसाधारण व्यवस्थापन, दुसरा व्यावसायिक-तांत्रिक आणि तिसरा प्रशासकीय अंमलबजावणी. नियोजन, समन्वय व अंतर्गत कारभार पाहणारे पहिल्या प्रवर्गात. न्यायवैद्यक तपासणीसारखी विशेष ज्ञानाची कामे करणारे दुसऱ्यात. आणि करवसुली, बाजारनियंत्रण, सीमाशुल्क यांसारख्या क्षेत्रांत नागरिकांशी थेट संबंध येणारे तिसऱ्यात मोडतात. २००६ च्या वेतनसुधारणेत श्रेणींची संख्या २७ करण्यात आली.

प्रवर्ग कायद्यात आले तरी व्यवहारात बहुतेक सर्व नागरी सेवकांचे व्यवस्थापन दीर्घकाळ पहिल्या प्रवर्गाच्या पद्धतीनेच होत राहिले. शेंझेनने २०१० मध्ये तिन्ही प्रवर्ग प्रत्यक्ष वेगळे करण्याची सुधारणा हाती घेतली. राष्ट्रीय पातळीवर दुसऱ्या व तिसऱ्या प्रवर्गासाठी स्वतंत्र नियम प्रायोगिक स्वरूपात २०१६ मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०२३ मध्ये आले.

या विलंबाचे कारण रचनेतच आहे. २०१५ अखेर चीनमध्ये ७१ लाख ६७ हजार नागरी सेवक होते. त्यांपैकी सुमारे ६० टक्के काउंटी व त्याखालील कार्यालयांत काम करीत असल्याचे शासनाकडून सांगितले जात होते. काउंटीच्या प्रमुखाचा दर्जाच मुळात मध्यम असल्याने त्याच्या हाताखालील विभागप्रमुखांचा दर्जा आणखी कमी ठरतो. परिणामी, तीस वर्षे सेवा करूनही असंख्य कर्मचारी कनिष्ठ पदावरूनच निवृत्त होत. वेतन पदाशी जोडलेले असल्याने नेतृत्वपद मिळविणे हाच उन्नतीचा एकमेव मार्ग उरे. कुशल तंत्रज्ञही तांत्रिक काम सोडून कार्यालयप्रमुख होण्याची धडपड करी. चिनी अभ्यासक ज्यास ‘अधिकारपदकेंद्री वृत्ती’ म्हणतात, तिला या व्यवस्थेनेच खतपाणी घातले. ही कोंडी फोडण्यासाठी जानेवारी २०१५ मध्ये काउंटी व त्याखालील कार्यालयांसाठी पद आणि सेवास्तर समांतर ठेवण्याची योजना जाहीर झाली.

व्याख्येबाहेरील सेवक

व्याख्येचा खरा अर्थ तिच्या सीमेवर कळतो. शासकीय शाळा, विद्यापीठे, रुग्णालये व संशोधन केंद्रे ‘सार्वजनिक संस्था’ या वेगळ्या गटात मोडतात. २०१४ च्या सुमारास अशा संस्था ११ लाखांहून अधिक व त्यांतील कर्मचारी तीन कोटींहून अधिक होते. एकेकाळी गानबू असलेले शिक्षक व डॉक्टर नागरी सेवक मात्र नाहीत. प्रशासकीय अधिकार सोपविलेल्या काही सार्वजनिक संस्थांना हा कायदा ‘संदर्भानुसार’ लावला जातो. सरकारी उद्योगांतील कर्मचारी आणि गावसमितीचे निर्वाचित सदस्यही व्याख्येबाहेर आहेत.

सीमेच्या आत असण्याचे आर्थिक मोल मोठे होते. उद्योगांतील कर्मचाऱ्यांना १९९० च्या दशकापासून निवृत्तिवेतनासाठी स्वतः अंशदान द्यावे लागे, तर नागरी सेवकांचे निवृत्तिवेतन अंशदानाविना तिजोरीतून मिळे. या विषमतेविरुद्ध दीर्घकाळ नाराजी होती. जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झालेल्या व १ ऑक्टोबर २०१४ पासून लागू मानलेल्या निर्णयाने नागरी सेवक व सार्वजनिक संस्थांतील कर्मचारी यांनाही अंशदायी पद्धतीत आणले.

याखेरीज मंजूर पदसंख्येबाहेरचा कंत्राटी वर्ग आहे. सहायक पोलीस हे त्याचे ठळक उदाहरण होय. रस्त्यावर नागरिकाला अनेकदा तेच भेटतात. परंतु ते नागरी सेवक नाहीत व त्यांना स्वतंत्रपणे कायदा अंमलबजावणीचा अधिकार नाही. त्यांच्या व्यवस्थापनासाठी राज्यपरिषदेच्या कार्यालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. एखादी आगळीक उघडकीस आल्यावर ती ‘हंगामी कर्मचाऱ्याने’ केल्याचे सांगितले जाणे हा चीनमध्ये लोकोपहासाचा विषय झाला आहे. कारभाराचा भार वाहणारा, नागरिकांच्या निकट असणारा आणि तरीही सेवादर्जा व सुरक्षा यांपासून वंचित असा हा वर्ग पाहता साम्राज्यकाळातील ‘ली’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोहोंची परिस्थिती सर्वार्थाने समान नाही. आजचा कंत्राटी कर्मचारी करारान्वये वेतन घेतो व कायद्यापुढे समान नागरिक आहे. मात्र अधिकृत पदसंख्या मर्यादित ठेवून वाढते काम तिच्याबाहेरील माणसांकडून करून घेण्याची रीत दोन्ही काळांत आढळते.

२०१८ नंतरची स्थिती

मार्च २०१८ मधील पक्ष व राज्य यंत्रणांच्या पुनर्रचनेत, २००८ मध्ये स्थापन झालेले राज्य नागरी सेवा प्रशासन पक्षाच्या केंद्रीय संघटन विभागात विलीन झाले. नागरी सेवकांच्या व्यवस्थापनाची सूत्रे त्यामुळे औपचारिकरीत्याही पक्षाकडे गेली. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागरी सेवक कायद्याची सुधारित आवृत्ती संमत झाली व १ जून २०१९ पासून अमलात आली.

सुधारित कायद्याने व्याख्येतील तीन अटी कायम ठेवल्या. परंतु नागरी सेवक हे गानबू समूहाचा महत्त्वाचा घटक आहेत, हे स्पष्टपणे नमूद केले. वर्गीकरणात बिगर-नेतृत्वपदे रद्द होऊन त्यांच्या जागी सेवास्तर आले. सर्वसाधारण व्यवस्थापन प्रवर्गात असे १२ स्तर असून उर्वरित दोन प्रवर्गांत प्रत्येकी ११ आहेत. नेतृत्वपदांचे राष्ट्रीय प्रमुखापासून नगरस्तरीय उपप्रमुखापर्यंत १० स्तर आहेत. कर्मचाऱ्याला आता नेतृत्वपदाविना सेवास्तर वाढवून वेतनवाढ मिळविता येते. कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने हा बदल १९९३ नंतरचा सर्वांत उपकारक बदल म्हणता येईल.

निष्कर्ष

१) चीनमध्ये नागरी सेवकाची व्याख्या १९९३ मध्ये प्रशासकीय संस्थेवर, तर २००५ पासून कर्तव्य, मंजूर पदसंख्या आणि तिजोरीतील वेतन या तीन निकषांवर आधारलेली आहे. हा बदल व्याख्येची कक्षा पक्षापर्यंत विस्तारणारा ठरला.

२) १९८७ चा राजकीय व व्यावसायिक असा भेद स्वीकारला गेला नाही. त्यामुळे राजकीयदृष्ट्या तटस्थ नागरी सेवा हा सिद्धांत चिनी व्यवस्थेत रुजला नाही आणि २०१८ नंतर त्याची शक्यता आणखी दुरावली.

३) वर्गीकरण मात्र दर्जाकडून कामाच्या स्वरूपाकडे सरकत आले आहे. तीन प्रवर्ग आणि समांतर सेवास्तर ही त्याची फलिते होत. व्यक्तीच्या दर्जावर उभ्या असलेल्या गानबू पद्धतीच्या तुलनेत ही प्रगती आहे.

४) अधिकृत सेवक आणि प्रत्यक्ष काम करणारा अनधिकृत सेवक यांच्यातील जुनी दरी नव्या स्वरूपात टिकून आहे. तिचा परिणाम कर्मचाऱ्याच्या सुरक्षेवर होतो, तसाच नागरिकाच्या दाद मागण्याच्या हक्कावरही होतो.

नागरी सेवेच्या अभ्यासकाने कायद्यातील व्याख्या वाचताना तिच्यात कोण आले याबरोबरच तिच्याबाहेर राहून कोण काम करीत आहे, याचाही शोध घेणे अगत्याचे आहे. चीनचा इतिहास या शोधासाठी विपुल सामग्री पुरवितो.